भाग २७: अण्णांचा डोळा, मागचा पडदा आणि रेटिनाच्या डॉक्टरांचं काम

ज्यांचं एसटीत नेटवर्क गेलं किंवा ज्यांना चाळीस मिनिटं ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना झालेला फापटपसारा कापलाय, बाकी जसं बोललो तसंच.

आधीच सांगतो, मी डोळ्यांचा डॉक्टर नाही. बीटेक केलं, कोड लिहितो. पण गेली अडीच वर्षं मी माझ्या चुलत्यांना, म्हणजे अण्णांना, घेऊन बारामती आणि पुण्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यांत चकरा मारतोय. बाकावर बसून जे शिकलो, घरी येऊन जे वाचलं, आणि जिथे आम्ही माती खाल्ली, ते सगळं या भागात आहे. तुमच्या घरात शुगर असलेलं कुणी असेल, तर हा भाग तुमच्यासाठीच आहे.

अण्णांचं रान लासुर्ण्याकडे. बारामतीहून इंदापूरला जाताना भवानीनगरचा कारखाना मागे पडला की पुढे तो भाग लागतो. तुकोबांची पालखी जाते तोच रस्ता. एका नोव्हेंबरात ऊसतोड चालू होती आणि पाचटाचं कुसळ अण्णांच्या उजव्या डोळ्यात गेलं. त्यांनी टॉवेलनं तो डोळा दाबून धरला आणि डाव्या डोळ्यानं समोरच्या ट्रॉलीकडं पाहिलं, तर ट्रॉलीच्या कडा दिसत होत्या, पण मधली नंबरप्लेट गायब. मध्यभागी नुसता धुरकट डाग. कुसळ पाच मिनिटांत निघालं. डाग तसाच राहिला.

तो डाग किती दिवसांचा होता, कुणालाच माहीत नाही. आपले दोन डोळे एकमेकांची चूक झाकतात. एक डोळा हळूहळू बिघडला तरी मेंदू दुसऱ्याचं चित्र वापरून काम भागवतो. अण्णा तोवर रोज ट्रॅक्टर चालवत होते. (इथे ऐकणारे थांबा. एक डोळा तळहातानं झाका, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघा. मग दुसरा झाका. आज रात्री आईवडिलांनाही करायला लावा.)

"नंबर वाढला असंल," अण्णा म्हणाले. गावातल्या चष्म्याच्या दुकानात गेले. कुठलीच काच बसेना. मग मी शनिवारी गावी आलो आणि त्यांना बारामतीला घेऊन गेलो.

पडदा म्हणजे नक्की कुठला पडदा?

आपल्याकडे "डोळ्यावर पडदा आला" असं काहीही झालं तरी म्हणतात. मोतीबिंदूला पडदा, बुबुळावर वेल चढली तरी पडदा. डॉक्टर ज्याला पडदा म्हणतात तो डोळ्याच्या आत, अगदी मागच्या भिंतीला चिकटलेला असतो. रेटिना किंवा दृष्टिपटल. जाडी साधारण पाव मिलिमीटर. पुढची भिंगं फक्त उजेड गोळा करून आणतात, बघायचं काम हा पडदा करतो. त्यातही मध्यभागी मॅक्युला नावाचा छोटा भाग आहे. वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं, सगळं त्याच्या जिवावर. मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं, ते काढून नवीन बसवता येतं. पडदा मात्र मज्जातंतूंचा बनलेला आहे, मेंदूचाच बाहेर आलेला तुकडा म्हणा. तो बदलून मिळत नाही. हा फरक डोक्यात ठेवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

शुगरमुळे या पडद्याचं काय होतं, ते मी अण्णांना ठिबकच्या भाषेत सांगितलं. पडद्याला रक्त पुरवणाऱ्या नळ्या अतिशय बारीक. वर्षानुवर्षं रक्तात साखर जास्त राहिली की त्यांच्या भिंती कमजोर होतात. कुठे फुगवटा येतो, कुठे पाझर लागतो, कुठे नळी चोक होते. पाझरलेलं पाणी मॅक्युलात साचलं की तो भाग सुजतो आणि मधलं चित्र धूसर होतं. अण्णांच्या डाव्या डोळ्यात हेच झालं होतं.

चोक झालेल्या नळ्यांची गोष्ट वेगळी आणि जास्त वाईट. पडद्याच्या ज्या भागाला रक्त पोचत नाही, तो भाग व्हीईजीएफ नावाचं एक प्रथिन सोडतो. त्याचा अर्थ, "इकडे नवीन लाइन टाका." शरीर नवीन नळ्या टाकतंही, पण त्या कच्च्या. जोराचा धक्का नसला तरी फुटतात आणि डोळ्याच्या आत रक्त सांडतं. पुढे त्या नळ्यांबरोबर जाळं तयार होतं आणि ते पडद्याला ओढून भिंतीपासून सोडवतं. अण्णांच्या उजव्या, म्हणजे चांगल्या डोळ्यात या कच्च्या नळ्या यायला सुरुवात झाली होती. त्या डोळ्यानं त्यांना एकदम साफ दिसत होतं. यातलं काहीही दुखत नाही, आणि हीच या आजाराची खरी अडचण आहे.

आकडे थोडक्यात. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये छापून आलेल्या अभ्यासानुसार भारतात साधारण १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. २०२२ च्या दुसऱ्या एका देशव्यापी पाहणीत चाळिशीपुढच्या मधुमेहींपैकी शंभरात बारा-तेरा जणांच्या पडद्यावर परिणाम सापडला, आणि चार जणांची नजर जाण्याइतका तो पुढे गेलेला होता. टक्का छोटा वाटतो, पण तो कोटींना लावायचा आहे. आमचा पट्टा सगळा साखर कारखान्यांचा, त्यावरचे विनोद मी ऐकून कंटाळलोय. ऊस पिकवण्यानं शुगर होत नाही. अण्णांना बारा वर्षं शुगर होती, गोळ्या कधी घेतल्या कधी नाही, आणि त्या बारा वर्षांत बाहुली मोठी करून डोळा एकदाही तपासला नव्हता. आमच्यापैकी कुणाला ते माहीतच नव्हतं. चष्म्याचा नंबर काढणं आणि पडदा तपासणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इंजेक्शन, लेझर आणि आमची चूक

बारामतीला थेंब घालून बाहुली मोठी केली, ओसीटी नावाचं स्कॅन काढलं. पडद्याचा उभा छेद स्क्रीनवर दिसतो, शेतात खड्डा खणल्यावर मातीचे थर दिसतात तसा. डाव्या डोळ्यात मधोमध टेंगूळ आलेलं मलाही कळलं. डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या: डाव्या डोळ्यात इंजेक्शन, उजव्या डोळ्याला लेझर.

डोळ्यात इंजेक्शन म्हटल्यावर घरात रडारड झाली. प्रत्यक्षात बधीर करायचे थेंब, आयोडिनने सफाई, आणि बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटर मागे, पांढऱ्या भागातून केसासारखी बारीक सुई. औषध एका थेंबाएवढं, ०.०५ मिलिलिटर. अण्णा बाहेर येऊन म्हणाले, "झालं? मला वाटलं आता टोचायचंय." जंतुसंसर्गाचा धोका असतो, हजारात एखाद्याला किंवा त्याहूनही कमी, पण झाला तर गंभीर. म्हणून नंतर दुखलं, लाल झालं, दिसायचं कमी झालं तर त्याच दिवशी पळायचं.

हे औषध त्या व्हीईजीएफला अडवतं. यामागची गोष्ट मला फार आवडते. बेव्हासिझुमॅब हे औषध आलं २००४ मध्ये, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी, कारण गाठीसुद्धा असंच प्रथिन सोडून स्वतःकडे रक्ताच्या नळ्या ओढून घेतात. २००५ मध्ये मायामीच्या फिलिप रोझेनफेल्ड यांनी त्याच औषधाचा बारीक डोस डोळ्यात देऊन पाहिला आणि सूज उतरली. डोळ्यांसाठी खास बनवलेली रॅनिबिझुमॅब आणि ॲफ्लिबरसेप्ट नंतर आली, ती बरीच महाग. मग स्वस्त औषध कमी दर्जाचं का? २०१५ साली अमेरिकेत तिन्हींची मधुमेहाच्या सुजेवर थेट तुलना झाली. नजर थोडीशीच कमी झालेल्यांत तिन्ही जवळपास सारखी ठरली. नजर जास्त गेलेली असेल, तर पहिल्या वर्षी ॲफ्लिबरसेप्ट सरस. त्यामुळे "स्वस्तातलं दिलं" म्हणून डॉक्टरांवर चिडण्याआधी आपला पेशंट कोणत्या गटात आहे ते विचारा.

एका इंजेक्शनवर मात्र भागत नाही. सुरुवातीला दर महिन्याला, मग सूज बघून अंतर वाढवत.

आता लेझर. ऐकायला उलटं वाटतं, पण लेझर करताना पडद्याचा कडेचा भाग मुद्दाम भाजतात. हजार-दीड हजार बारीक ठिपके. तो भाग मेला की त्याची ऑक्सिजनची मागणी संपते, व्हीईजीएफ कमी होतं, कच्च्या नळ्या सुकतात. इंदापूर तालुक्यातल्या माणसाला हे समजवायला लागत नाही. दुष्काळात विहिरीत पाणी उरलं नाही की कडेचा ऊस सोडून देतात आणि डाळिंबाची बाग जगवतात. तेच. मधला मॅक्युला वाचवण्यासाठी कडेची थोडी नजर द्यायची, रात्रीचं दिसणं थोडं कमी होऊ शकतं. ही कल्पना जर्मनीच्या मायर-श्विकेराथ यांना सुचली ती ग्रहण बघून पडदा भाजून घेतलेल्यांचे डोळे तपासताना. १९४९ मध्ये त्यांनी चक्क सूर्याचा उजेड आरशांनी डोळ्यात सोडून उपचार केले, लेझर नंतर आलं. आणि १९७६ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीनं दाखवलं की अशा डोळ्यांत लेझर केल्यावर गंभीर अंधत्वाचं प्रमाण निम्म्याहून कमी होतं.

हे सगळं मी अण्णांना सांगितलं. डाव्या डोळ्यात इंजेक्शन घ्यायला ते तयार झाले, कारण त्यानं दिसत नव्हतं. उजव्याबद्दल म्हणाले, "चांगल्या डोळ्याला कशाला हात लावायचा? त्याच्यावर तर चाललंय सगळं."

आणि मी ऐकून घेतलं. चूक इथे आहे आणि ती आमची आहे. हंगाम चालू होता, तोड येईल तेव्हा रानात थांबावं लागतं, मी पुण्यात स्प्रिंटमध्ये अडकलेलो. लेझरची तारीख डिसेंबरातून जानेवारीत गेली, जानेवारीतून "फड संपल्यावर". फेब्रुवारीत एका सकाळी अण्णांना उजव्या डोळ्यासमोर काळे धागे तरंगताना दिसले. दुपारपर्यंत धूर. संध्याकाळी काकूंचा चेहरा दिसेना. चांगल्या डोळ्यात कच्ची नळी फुटली होती आणि दुसऱ्या डोळ्यात आधीच मधे डाग.

पुण्याचं ऑपरेशन

काही आठवडे रक्त आपोआप निवळतं का याची वाट बघितली. डोकं उंच ठेवून झोपायचं. नाही निवळलं. मग पुण्यात व्हिट्रेक्टॉमी.

डोळ्याच्या आत साधारण चार मिलिलिटर पारदर्शक जेल असतो. रक्त त्यात अडकतं. पांढऱ्या भागात तीन भोकं पाडतात, प्रत्येक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. एकातून पाणी आत सोडत राहायचं, म्हणजे डोळा बसत नाही. दुसऱ्यातून दिवा. तिसऱ्यातून कटर, जो मिनिटाला हजारो वेळा कापतो आणि ओढून घेतो. जेल आणि रक्त निघालं की पडद्यावरची जाळी सोलायची आणि आतूनच लेझर मारायचं. पाव मिलिमीटरच्या पडद्यावरून त्याहून कितीतरी पातळ पापुद्रा चिमट्यानं सोलायचा, आणि हात हलायचा नाही. मी प्रॉडक्शनवर डिप्लॉय करताना घाबरतो, आणि तिथे तर रोलबॅक आहे.

१९७० पर्यंत असा डोळा म्हणजे गेलेला डोळा. त्या वर्षी मायामीत रॉबर्ट माखेमर यांनी पहिल्यांदा बंद डोळ्यातून, बारीक भोकातून जेल काढला. सुरुवातीचा कटर त्यांनी घरच्या गॅरेजमध्ये ड्रिलचं पातं वापरून बनवला आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकावर तपासला. जुगाड फक्त आपणच करतो असं नाही.

अण्णांचं नशीब एवढं, की मॅक्युला सुटलेला नव्हता. तीन आठवड्यांनी उजव्या डोळ्यानं ते घड्याळ वाचायला लागले. पूर्वीइतकं स्वच्छ नाही, पण काम भागतं. ऑपरेशननंतर त्या डोळ्यात मोतीबिंदू लवकर येतो, तोही आला, तोही काढला. डावा डोळा इंजेक्शनांवर टिकून आहे, मधला डाग फिका झालाय पण गेला नाही.

पुण्यातल्या आमच्या डॉक्टर मॅडमना मी शेवटच्या व्हिजिटला सरळ विचारलं, तुम्हाला यात काय मिळतं? मला पैशांबद्दल विचारायचं नव्हतं. एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं, एमएस तीन, त्यावर रेटिनाची फेलोशिप दीड-दोन. मी बीटेक करून पगार घेत होतो त्या वयात त्या अजून शिकत होत्या. त्या हसल्या. म्हणाल्या, मोतीबिंदूचे पेशंट पट्टी काढली की पेढे आणतात. माझे पेशंट विचारतात, मॅडम, एवढा खर्च केला, नंबर तेवढाच कसा? मग त्यांनी अण्णांच्या डाव्या डोळ्याचे दोन स्कॅन शेजारीशेजारी लावले, एक वर्षापूर्वीचा आणि एक त्या दिवशीचा. जवळजवळ सारखेच होते. त्यांना ते मला दाखवताना किती आनंद झाला होता, ते बघून मला उत्तर कळलं.

मोतीबिंदूचा आनंद महाराष्ट्राला माहीत आहे. डॉ. तात्याराव लहान्यांची गोष्ट बहुतेकांनी ऐकली असेल: लातूरकडच्या माकेगावचे, १९९५ मध्ये आईनं दिलेल्या किडनीवर उभे राहिले, जे. जे. मध्ये आणि गावोगावच्या शिबिरांत लाखावर शस्त्रक्रिया केल्या, २००८ मध्ये पद्मश्री. त्यात दिसायला लागलेल्या माणसाचा चेहरा असतो, फोटो असतो. पडद्याच्या कामात बहुतेक वेळा तसा फोटो निघत नाही. मुंबईचे डॉ. एस. नटराजन हे पडद्याचे सर्जन, २०१३ चे पद्मश्री. २०१६ मध्ये काश्मीरात छर्रे लागून डोळे फुटलेल्या तरुणांवर श्रीनगरला जाऊन त्यांच्या टीमनं शस्त्रक्रिया केल्या. अशा डोळ्यात थोडा उजेड वाचला तरी ते यश असतं.

मग एआय काय करतंय?

हा प्रश्न तुम्ही कमेंटमध्ये विचारणारच, म्हणून आधीच. मशीन पडद्याचा फोटो बघून आजार ओळखू शकतं, हे आता जुनं झालं. गुगलचा गाजलेला पेपर २०१६ चा, सव्वा लाखांहून जास्त फोटोंवर शिकवलेलं मॉडेल, त्यात मदुराईचं अरविंद आणि चेन्नईचं शंकर नेत्रालय सोबत. आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत नटराजन यांच्या टीमनं केलेला अभ्यास, २०१९ मध्ये छापून आला. स्मार्टफोनवरचा कॅमेरा, इंटरनेटशिवाय चालणारं एआय, २१३ पेशंट. डॉक्टरकडे पाठवायलाच हवा असा एकही पेशंट त्यात सुटला नाही. उलट बाजूनं, आजार नसलेल्या काहींनाही त्यानं पाठवलं, पण स्क्रीनिंगमध्ये ते चालतं.

आता थायलंडचं ऐका. गुगलचंच मॉडेल प्रत्यक्ष दवाखान्यांत लावल्यावर पाचातला एक फोटो मशीननं नाकारला, कारण खोलीत पुरेसा अंधार नव्हता, फोटो नीट येत नव्हता. अशा पेशंटला पुन्हा लांबच्या डॉक्टरकडे जा म्हटलं की तो वैतागतो. लॅबमधली अचूकता आणि गावातली अचूकता यात एवढं अंतर असतं.

आणि माझं मत विचाराल, तर आमच्या केसमध्ये एआयनं काही बदललं नसतं. आजार पहिल्याच तपासणीत सापडला होता. सुटली ती पुढची तारीख. लासुर्ण्याहून बारामती जवळ आहे, पुणे सव्वाशे किलोमीटर, एक दिवस मोडतो, सोबत एक माणूस लागतो कारण थेंबांमुळे परत येताना नीट दिसत नाही. हंगामात दोन माणसं एक दिवस रान सोडत नाहीत. हा बग मॉडेलमध्ये नाही.

जाता जाता, कामाच्या गोष्टी

शुगर निघाल्याचं कळलं त्याच वर्षी बाहुली मोठी करून पडदा तपासायचा, आणि नंतर दरवर्षी. दिसत असलं तरी. शुगरसोबत बीपीही आटोक्यात हवं, त्याच नळ्यांवर दोन्हींचा भार येतो.

तुमच्या स्वतःसाठी: चष्म्याचा नंबर उणे सहाच्या पुढे असेल तर पडदा फाटण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त. अचानक खूप ठिपके तरंगायला लागले, कोपऱ्यात वीज चमकल्यासारखं वाटलं किंवा एका बाजूनं पडदा ओढल्यासारखी सावली आली, तर सोमवारची वाट बघायची नाही. मॅक्युला सुटायच्या आत ऑपरेशन झालं तर नजर वाचण्याची शक्यता खूप जास्त असते.

घरात दिवस भरायच्या बरंच आधी किंवा कमी वजनाचं बाळ जन्मलं असेल, तर पहिली पडदा तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत. बाळ ठणठणीत दिसतंय म्हणून टाळू नका, त्यांचाही पडदा गुपचूप बिघडतो.

खर्चाबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पडद्याच्या काही शस्त्रक्रिया बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला आधी भेटा, कागद घेऊन, ऑपरेशनची तारीख ठरायच्या आधी. पुण्यात महंमदवाडीचं ह. वि. देसाई रुग्णालय धर्मादाय आहे, तिथे पडद्याचा विभाग आहे.

अण्णांचं म्हणाल तर ट्रॅक्टर आता दादा चालवतो, त्यावरून घरात अजून कुरबुर आहे. यंदा बेलवाडीच्या रिंगणाला ते दोन तास आधी जाऊन पुढं उभे राहिले आणि परत आल्यावर देवाचा घोडा कुठला आणि स्वाराचा कुठला ते मला समजावून सांगत होते, जणू मी कधी बघितलंच नाही. पुढची ओसीटी सतरा तारखेला आहे, शुक्रवारी. माझ्या फोनवर तीन रिमाइंडर लावलेत, काकूंच्या फोनवर एक. कारखाना त्या आठवड्यात सुरू होतोय, त्यामुळे मी गुरुवारी रात्रीच गावी जातोय.